गाडी उंच करणारं लिफ्ट किट बसवल्यावर गाडी रस्त्यावर भरकटते. कास्टर (पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, त्याचा मागे झुकलेला कोन) किती ठेवावा आणि कसा वाढवावा?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा ॲक्सल), कॉइल स्प्रिंग आणि रेडियस आर्म (ॲक्सलला चासीशी जोडणारा दांडा), 50 मिमी लिफ्ट, टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बरोबर. तरी 80 च्या वेगाला गाडी डावी-उजवी जाते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. लक्षणं कमी कास्टरची आहेत, पण सुटे भाग मागवण्याआधी मोजून बघा.

त्याआधी टायरमधली हवा, व्हील बेअरिंग, टाय रॉड एंड, पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे) बूश आणि स्टिअरिंग बॉक्सचा प्ले (ढिलेपणा) तपासा. इंजिन चालू ठेवून एकाला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवायला सांगा आणि खाली बघा. पॅनहार्डचा बोल्ट ब्रॅकेटच्या भोकात किंचितही सरकताना दिसला, तर कास्टर कितीही वाढवला तरी गाडी सरळ चालणार नाही. पुढचा ॲक्सल जोरात थरथरायला लागतो त्याचंही मूळ बहुतेकदा अशा ढिल्या भागात असतं, आणि तसल्या गाडीत कास्टर वाढवला तर थरथर उलट वाढू शकते.

लिफ्टने कास्टर का जातो? रेडियस आर्म ॲक्सलला घट्ट धरून मागे चासीकडे जातो. चासी वर गेली की आर्मचं मागचं टोक वर जातं, ॲक्सल पुढे झुकतो आणि किंगपिनचं (चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचं) वरचं टोकही पुढे येतं. आर्म 800 मिमी लांब आणि लिफ्ट 50 मिमी असेल तर साधारण 3.6 अंश गेले. कंपनीनेच 3-4 अंश दिले असतील, तर हाती जवळजवळ शून्य उरतं. गाडीची मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उचलली असेल तर आणखी जातो: 2400 मिमी व्हीलबेसला 42 मिमीचा फरक म्हणजे 1 अंश.

मोजायला डिजिटल अँगल मीटर पुरतो. गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ. मीटर आधी त्याच फरशीवर गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवून शून्य करा. मग वरच्या बॉल जॉइंटजवळची मशीन केलेली सपाट जागा, किंवा किंगपिनची टोपी, घासून साफ करा आणि मीटर त्याच दिशेने ठेवा. मीटरची मागची बाजू खाली असेल तर कास्टर पॉझिटिव्ह. डावी-उजवी दोन्हीकडे मोजा. फरक अर्ध्या अंशापेक्षा जास्त असेल तर गाडी कमी कास्टरच्या बाजूला ओढते.

पॉवर स्टिअरिंग आणि मोठे टायर असतील तर 4 ते 5 अंश धरा, साध्या स्टिअरिंगला 2 ते 3. त्याहून जास्त केलं तर स्टिअरिंग जड होतं आणि खड्ड्यातला झटका हातात येतो.

गेलेला कास्टर परत आणायचा सोपा मार्ग म्हणजे ॲक्सलच्या टोकाला ऑफसेट बूश. आर्ममधल्या पुढच्या बूशचं भोक वर आणि मागच्याचं खाली आलं पाहिजे. उलट बसले तर उरलासुरला कास्टरही जातो, आणि ही चूक सर्रास होते. दोन बोल्टमधलं अंतर 180 मिमी आणि प्रत्येक भोक 5 मिमी सरकलेलं असेल तर साधारण 3.2 अंश मिळतात. बूश हायड्रॉलिक प्रेसनेच काढा-घाला. हातोड्याने बाहेरची स्लीव्ह वाकते. आर्मवर पेंटने खूण करा, नाहीतर प्रेसखाली बूश थोडा फिरला तरी कळत नाही. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असतानाच. जॅकवर लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

वर-खाली वेगवेगळे ॲडजस्टेबल आर्म असतील तर काम आणखी सोपं: खालचा लांब करा किंवा वरचा आखूड. पाट्याच्या गाडीत पाचर लागते. पाटा ॲक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे, खाली असेल तर पुढे. पाचर स्टीलची घ्या, ॲल्युमिनियमची दबून फुटते. सेंटर बोल्टही पाचरीइतका लांब लागेल.

यातली खरी अडचण पिनियनची, म्हणजे डिफरन्शियलमध्ये प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो त्या नाकाची. कास्टर वाढवला की हे नाकही तेवढंच खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटचा कोन वाढतो. पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह असेल आणि फ्री व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवणारे हब) उघडे असतील तर टू व्हीलमध्ये शाफ्ट फिरतच नाही, म्हणून बिनधास्त 5 अंश ठेवा. फुल-टाइम गाडीत मात्र 60-70 च्या पुढे घरघर सुरू झाली तर एखादा अंश सोडून द्या. पूर्ण कास्टर आणि बिनकंपनाचा शाफ्ट दोन्ही हवेत, तर ॲक्सल ट्यूबवरचे नकल (टोकाचे, चाक वळवणारे भाग धरणारे तुकडे) कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. ते जिगवरचं काम आहे, घरी करू नका.

कास्टर बदलल्यावर टो पुन्हा मोजा (सॉलिड ॲक्सलला 1 ते 3 मिमी टो-इन चालतो) आणि ड्रॅग लिंकने (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याने) स्टिअरिंग मध्यावर आणा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेक होज ताणला जात नाही ना, टाय रॉड आर्मला घासत नाही ना, बघा. 500 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.