चिखलात टिलरची पकड: वाचकांचे प्रश्न

खलाटीत (सखल भातशेतात) चिखलणी करताना पॉवर टिलरचे रबरी टायर जागच्या जागी फिरतात. लोखंडी चाकं घ्यावीत का? अर्धी की पूर्ण? (लांजा)

घ्या. रबरी टायरच्या नक्षीत चिखल भरला की टायर गुळगुळीत होतो, मग तो नवा असो की झिजलेला. लोखंडी केज व्हीलची पाती चिखलात खोल जातात, खालच्या घट्ट थराचा आधार घेतात आणि मधल्या मोकळ्या जागेतून चिखल गळून पडतो. खरी करामत या मोकळ्या जागेचीच आहे. म्हणून पाती दाट असलेलं चाक दिसायला दणकट वाटलं तरी घेऊ नका.

अर्धं चाक टायरच्या बाहेरच्या बाजूला बसतं. चार कुणगे (भाताचे छोटे वाफे) करायचे आणि परत रस्त्याला लागायचं, त्याला ते सोयीचं. पूर्ण चाक टायर काढून त्याच्या जागी बसतं. दिवसभर खलाटीतच राहणार असाल तर तेच घ्या.

चाकं बसवायची ती अंगणात किंवा कातळावर, शेताच्या मेरेवर (बांधावर) नाही. इंजिन बंद करा, दुसऱ्या चाकाला दगड लावा आणि गिअरबॉक्सखाली भक्कम ओंडका घेऊन एक बाजू उचला. तिरक्या पात्यांची डावी-उजवी चाकं वेगळी असतात. ती उलटी बसली तर पुढे रेटण्याऐवजी चिखल उपसतात, आणि दोष मात्र इंजिनाला लागतो. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. मग चाक हाताने पूर्ण फिरवून पाहा: पातं मडगार्डला किंवा रोटरीच्या (मागे फिरून माती कालवणाऱ्या पात्यांच्या) कव्हरला कुठेही घासता कामा नये. तासभर काम झालं की बोल्ट पुन्हा आवळा, नवीन चाकाचे ते हमखास सैल होतात.

आणखी एक. चाकाचा व्यास बदलला की रोटरीची खोलीही बदलते. ती नव्याने लावली नाही तर रोटरीची पाती नको तेवढी खोल जातील आणि टिलर पुन्हा रुतेल. शेतात उभं पाणीही हवं, साधारण ५ ते १० सेंमी. पाणी कमी पडलं की चिखल चाकाच्या पात्यांना चिकटून बसतो.

कॅनडातल्या भाच्याने बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलचा व्हिडिओ पाठवला. तिच्या पट्ट्याला टोकदार खिळे असतात. तसे आपल्या लोखंडी चाकाला वेल्डिंग करून लावले तर? (गुहागर)

उत्साह दांडगा आहे, पण नको. ते खिळे, म्हणजे स्टड, कडक बर्फासाठी असतात. रबरी पट्ट्याला भोक पाडून स्टड आतून बाहेर काढतात आणि वरून चकती व नट लावून आवळतात. टोक बहुधा कार्बाइडचं असतं. पट्ट्याच्या रबरी दात्यांपेक्षा ते थोडंसंच वर ठेवतात, कारण वर पट्टा जिथून फिरतो त्या बोगद्याला ते घासलं तर पत्रा फाटतो. सगळे स्टड एका रेषेत लावत नाहीत. एका रेषेत लावले तर मागचा स्टड पुढच्याच्याच ओरखड्यातून जातो आणि पकड मिळत नाही.

कडक पृष्ठभागावर टोक रुततं आणि धरून ठेवतं. चिखलात मात्र टोक सुईसारखं आरपार जातं, त्याला रेटायला काही मिळतच नाही. तिथे रुंद पातं हवं. शिवाय जांभ्याचा दगड लागला की वेल्डिंगचे खिळे तुटून शेतातच राहणार, आणि लावणीला बायामाणसं त्यात अनवाणी उतरणार. भाचा चतुर्थीला आला की त्यालाच एकदा खलाटीत टिलर धरू द्या.

पकड वाढवायला टायरमध्ये पाणी भरू का, की वाळूची पोती ठेवू? (कुडाळ)

चिखलणीला दोन्ही नको. वजन वाढलं की टिलर आणखी रुततो. सुक्या वरकस (उंचावरच्या हलक्या) जमिनीत नांगरताना वजनाचा उपयोग होतो, तोही बेताचा.

उतारावरून शेतात उतरताना हॅंडलवरचा वळवायचा डावा क्लच दाबला तर टिलर उजवीकडे वळला. बिघाड आहे का? (राजापूर)

बिघाड नाही. पण हे माहीत नसल्याने माणूस मेरेवरून खाली जातो, म्हणून हे घरातल्या प्रत्येक टिलर धरणाऱ्याला सांगा. सपाटीवर डावा क्लच दाबला की डाव्या चाकाचा जोर जातो, उजवं पुढे रेटतं आणि टिलर डावीकडे वळतो. उतारावर इंजिन चाकांना रोखून धरत असतं. तिथे क्लच दाबताच डावं चाक मोकळं सुटून जोरात घरंगळतं आणि टिलर उजवीकडे जातो. म्हणून उतारावर हे क्लच वापरूच नका. आधीच खालच्या गिअरमध्ये या, न्यूट्रल करू नका, रोटरी बंद ठेवा आणि वळायचं ते हॅंडल ढकलून. मेर ओलांडताना तिरकं जाऊ नका.

खारजमिनीत लोखंडी चाकं एका पावसाळ्यात गंजतात. उपाय? (अलिबाग)

त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. उद्यावर टाकलं की खार काम करून जातो. हंगाम संपला की गंज घासून रंग द्या, आणि हबला व बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या मृगाला बोल्ट कापून काढावे लागतील. आणि ही चाकं लावून डांबरी रस्त्यावरून जाऊ नका. रस्ता उखडतोच, पात्यांचे जोडही सुटतात. ती टेम्पोत टाकून न्या.