वाचकांचे प्रश्न : पोथ्यांची छायाचित्रे घेताना कॅमेऱ्याशी जोडणी तुटते

प्रश्न : आमच्या वाचनालयातील जुन्या पोथ्यांची छायाचित्रे घेण्याचे काम मी करतो. कॅमेरा उभ्या स्टँडवर खाली तोंड करून बसवला आहे आणि हाताच्या धक्क्याने तो हलू नये म्हणून शटर संगणकावरूनच दाबतो. पंचवीस-तीस पाने झाली की संगणक ‘कॅमेरा सापडत नाही’ असे सांगतो. टेबल दूर असल्याने ५ मीटरच्या यूएसबी केबलला ३ मीटरची आणखी एक केबल जोडली आहे. प्रोग्रॅम दोनदा नव्याने टाकून पाहिला. कॅमेरा बिघडला असेल का? वायफाय वापरावे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : कॅमेऱ्यावर संशय घेण्याआधी जोडणी नेमकी केव्हा तुटते याची एक दिवस नोंद ठेवावी. पान उलटण्यात किंवा धूळ झटकण्यात चार-पाच मिनिटे गेल्यावर ती तुटत असेल तर कोणीतरी झोपी जात आहे, असे समजावे. कॅमेऱ्याच्या मेनूतील ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद करावे; विंडोज असल्यास पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करावे, कारण वीज वाचवण्यासाठी संगणक वापरात नसलेले पोर्ट निजवतो आणि जाग आल्यावर कॅमेऱ्याला नेहमी ओळखतोच असे नाही.

छायाचित्र संगणकावर येत असतानाच जोडणी तुटत असेल, तर माझा पहिला संशय आपल्या त्या आठ मीटरवर आहे. यूएसबी २.० साठी साध्या केबलची मर्यादा ५ मीटर आहे, कारण संगणक समोरच्या उपकरणाच्या उत्तराची वाट अगदी ठरावीक काळच पाहतो. यूएसबी ३ साठी तर ३ मीटरच्या पुढे न गेलेले बरे. मर्यादेपलीकडची जोडणी पूर्ण बंद पडत नाही, अधूनमधून दगा देते, आणि म्हणूनच माणूस प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा टाकत बसतो. शक्य असेल तर संगणकाचे टेबलच स्टँडजवळ आणावे. ते जमत नसेल तर आत सिग्नल वाढवणारे सर्किट असलेली ‘ॲक्टिव्ह’ केबल घ्यावी. डेस्कटॉप असेल तर केबल पुढच्या पोर्टऐवजी मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरील पोर्टला लावावी आणि स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) मध्ये घालू नये.

आता स्टँडकडे पाहा. खाली तोंड केलेल्या कॅमेऱ्याच्या बाजूने केबल लोंबत असेल, तर तिचे सगळे वजन त्या इवल्याशा सॉकेटवर येते आणि टेबलाला गुडघा लागला तरी पिन क्षणभर सुटते. केबलला कॅमेऱ्यापाशी बोटभर ढील ठेवून ती स्टँडच्या दांड्याला वेल्क्रोच्या पट्टीने बांधावी. खर्च जवळपास नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असे मला वाटते.

एक कॅमेरा एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात राहू शकतो. कॅमेरा जोडताच फोटो आयात करणारी खिडकी आपोआप उघडत असेल तर ती बंद करून ठेवावी. लिनक्सवर फाइल मॅनेजरच कॅमेरा बळकावतो आणि मग शटरचा प्रोग्रॅम हात हलवत बसतो.

दिवसभराच्या कामाला बॅटरी पुरत नाही, लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर सतत दिसणारे थेट दृश्य) चालू असेल तर मुळीच नाही. भिंतीच्या विजेवर चालणारी डमी बॅटरी बसवावी, मात्र ती यूपीएसवर घ्यावी, कारण वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि कॅमेरा तेवढा बंद पडतो. वायफायचा नाद या कामात करू नये. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण २५ ते ३० एमबी भरते, आणि ती वायफायवरून यायला वेळ लागतो. शेकडो पानांसाठी केबलच बरी.

एवढे करूनही कधीतरी जोडणी तुटेलच, म्हणून छायाचित्र संगणकाबरोबर कॅमेऱ्यातील कार्डवरही जतन होईल अशी सोय ठेवावी. तुटल्यावर आधी प्रोग्रॅम बंद करावा, मग कॅमेरा बंद करून केबल काढावी आणि थोड्या वेळाने सगळे पुन्हा जोडावे. नव्याने सुरू झाल्यावर काही प्रोग्रॅम फाइलचे क्रमांक पुन्हा एकपासून देतात, हे मात्र पाहावे. पोथीची पाने सुटी असतात. क्रम एकदा चुकला की छायाचित्रांवरून तो लावायला समासातील पत्रांकाचाच, म्हणजे तिथे लिहिलेल्या पानाच्या क्रमांकाचाच, आधार उरतो. तेव्हा अक्षरे मोठी दिसावीत म्हणून फ्रेममधून समास कापू नये.