पहिला प्रयत्न मुलीचा, दुसरा वडिलांचा

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून अमेरिकेत, इलिनॉय राज्यात आलो. मुलीची दहावी पुण्यात झाली, पुढची दोन वर्षे इथल्या हायस्कूलमध्ये. जूनमध्ये तिला १८ पूर्ण झाली. सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठाने ॲलेक्स ही गणिताची प्लेसमेंट टेस्ट घरून द्यायला सांगितली. पहिल्या वेळी ५८ आले, म्हणजे प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसच्या आधीचा पायाभूत विषय). मी स्वतः इंजिनिअर आहे. दुसऱ्या वेळी मी शेजारी बसलो, तेव्हा ८४ आले आणि कॅल्क्युलस-१ मिळाले. पण २१ व्या वर्षी तिचा एच-४ (माझ्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला तिचा व्हिसा) संपेल, म्हणून तिने तीन वर्षांत डिग्री पूर्ण करावी असे मला वाटते. तिसऱ्या प्रयत्नात आणखी गुण मिळवून थेट कॅल्क्युलस-२ घेता येईल का? कोणता क्लास लावावा? ती हल्ली फारशी बोलत नाही, म्हणून पत्र मीच लिहीत आहे.

उत्तर : आपल्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत, परंतु मला काळजी वाटली ती ‘मी शेजारी बसलो’ आणि ‘ती हल्ली फारशी बोलत नाही’ या दोन वाक्यांची. आपण ती दोन्ही इतक्या सहजपणे लिहिली आहेत की त्यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकेल, हे आपल्या मनात आलेले दिसत नाही. मुलीने एकटीने चाचणी दिली, तिला जे येत होते ते तिने प्रामाणिकपणे दाखवले, आणि त्यानंतर वडिलांनी शेजारी खुर्ची ओढून तो आकडा बदलून दाखवला. तिचे ५८ गुण घरात चालण्यासारखे नाहीत आणि चालण्यासारखे ८४ तिचे नाहीत, एवढे तिला त्या दिवशी नक्की समजले असणार. अशा वेळी मुलगी बोलेल तरी काय? शिवाय या चाचण्या कोणाचीही मदत न घेता द्यायच्या असतात. आपण केले ती नुसती मदत नव्हती. विद्यापीठाच्या भाषेत तो गैरप्रकार ठरतो, आणि त्याची जबाबदारी आपल्यावर नव्हे, तिच्यावर येते.

आता मूळ गैरसमजाकडे वळतो. आपल्याकडे ‘प्लेसमेंट’ म्हटले की कॅम्पसमधली नोकरी डोळ्यांसमोर येते आणि ‘टेस्ट’ म्हटले की सीईटी. त्यामुळे हे दोन शब्द एकत्र आले की मराठी पालकाचा रक्तदाब वाढतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. प्रत्यक्षात प्लेसमेंट टेस्ट ही प्रवेश परीक्षा नाही; विद्यार्थ्याने विषयाच्या कोणत्या वर्गापासून सुरुवात करावी, एवढेच ती ठरवते. प्रवेश आधीच झालेला असतो. तिची गुणवत्ता यादी लागत नाही, पर्सेंटाइल निघत नाही, कोणाला मागे टाकायचे नसते, आणि चार वर्षांनी नोकरी देणारा कोणीही हे गुण विचारत नाही. ॲलेक्समध्ये जास्तीत जास्त ३० प्रश्न असतात आणि ते सर्वांना सारखे नसतात. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न कठीण होतो, चुकले की दुसऱ्या बाजूने चाचपणी सुरू होते. शेवटी मिळणारा ० ते १०० मधला आकडा हा परीक्षेतल्या गुणांसारखा नसून ठरलेल्या विषयघटकांपैकी अंदाजे किती टक्के विद्यार्थ्याला येतात, याचे ते मोजमाप असते. तिथे ‘मला माहीत नाही’ असे बटणही दिलेले असते. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, या शिस्तीत वाढलेली आपली मुले ते बटण दाबायला कचरतात आणि अंदाजाने उत्तर ठोकून देतात. वास्तविक त्या चाचणीतले ते सर्वांत उपयोगी बटण आहे, कारण त्यामुळे कोणता धडा शिकवायचा राहिला आहे हे कळते. डॉक्टरांनी ताप मोजायला थर्मामीटर द्यावा आणि वडिलांनी तो आपल्या तोंडात धरावा, तसे आपल्या दुसऱ्या प्रयत्नाचे झाले आहे.

प्लेसमेंट टेस्ट अचूकच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. कोलंबिया विद्यापीठातील कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की, त्या काळच्या चाचण्यांवर विसंबल्यामुळे गणितात सुमारे चारपैकी एक आणि इंग्रजीत सुमारे तीनपैकी एक विद्यार्थी अगदीच चुकीच्या वर्गात जात होता, आणि हायस्कूलचे गुण विचारात घेतले तर ही चूक कमी होत होती. कॅलिफोर्नियाने तर २०१७ च्या कायद्यानंतर आपल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांमध्ये) हायस्कूलच्या कामगिरीलाच मुख्य आधार मानले. तेव्हा ५८ हा आकडा आपल्याला अन्यायकारक वाटत असेल, तर त्याविषयी गणित विभागाच्या सल्लागाराशी बोलण्याचा सरळ मार्ग आहे. मात्र तो मार्ग मुलीने तिचे हायस्कूलचे प्रगतिपत्रक घेऊन स्वतः चालायचा आहे.

कॅल्क्युलस-२ चा प्रश्न एका वाक्यात संपतो : ॲलेक्सच्या प्लेसमेंट टेस्टमध्ये कॅल्क्युलस विचारतच नाहीत, त्यामुळे शंभरपैकी शंभर मिळाले तरी त्या जोरावर कॅल्क्युलस-१ चेच दार उघडते. एपी कॅल्क्युलसचे (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षेचे) गुण असते तर गोष्ट वेगळी होती.

उसन्या ८४ गुणांवर ती कॅल्क्युलस-१ ला बसली तर काय होईल, तेही सांगतो. अभ्यासक्रम बदलण्याची मुदत साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत संपते, पहिली मोठी परीक्षा मात्र त्यानंतर येते. म्हणजे आपण चुकीच्या वर्गात बसलो आहोत हे कळेपर्यंत परतीचा रस्ता बंद झालेला असतो. मग एक तर प्रगतिपत्रकावर विषय सोडल्याची ‘डब्ल्यू’ ही नोंद घ्यायची, किंवा डी-एफ श्रेणी घेऊन तोच विषय पुन्हा करायचा. दोन्हींत सत्र वाया जाते, आणि तेच वाचवण्यासाठी आपण हा खटाटोप केला होता. आपल्या कन्येने दहावी पुण्यात केली आणि आपल्या अकरावीचे गणित तिने पाहिलेच नाही, हेही लक्षात घ्या. लॉगॅरिदम, त्रिकोणमितीय फलने, फलनाचा व्यस्त हे घटक आपल्याकडे अकरावी-बारावीत येतात. अमेरिकेत ते अल्जेब्रा-२ आणि प्रीकॅल्क्युलसमध्ये विभागलेले असतात. मधेच देश बदललेल्या मुलांची नेमकी ही शिवण उसवलेली राहते. तो तिचा आळस नव्हे. पहिल्या प्रयत्नानंतर ॲलेक्सने जो वर्तुळाकार आलेख दिला असेल, त्यातले रिकामे भाग तिच्यासोबत पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते पटेल.

आपली व्हिसाची भीती मात्र मी खरी मानतो, आणि त्याविषयी आपल्याला कोणी नीट सांगितलेले दिसत नाही. ती २१ वर्षांची झाली की एच-४ दर्जा संपतो. म्हणून त्याआधी डिग्री हातात यावी, असे आपले गणित आहे. हे गणित उलटे आहे. सध्याच्या नियमांनुसार एफ-१ दर्जावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, शिकणाऱ्याला पदवीनंतर १२ महिने, आणि अभियांत्रिकीसारख्या विषयात त्यापुढे आणखी २४ महिने काम करण्याची परवानगी मिळू शकते. एच-४ वर असताना पदवी पूर्ण करणाऱ्याला ही सोय नाही. म्हणजे जिवाचे रान करून तिने तीन वर्षांत पदवी मिळवलीच, तर २१ व्या वाढदिवशी तिच्याकडे पदवी असेल, पण त्या पदवीवर काम करण्याचा हा मार्ग नसेल. चार वर्षांची पदवी आणि वेळेवर केलेला एफ-१ चा बदल हा तिच्या हिताचा क्रम आहे. पुण्या-मुंबईच्या क्लासवर किंवा इथल्या ट्यूटरवर जे पैसे आपण खर्च करणार होता, ते इमिग्रेशन वकिलाच्या एका भेटीवर खर्च करा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची वेळही आताच घ्या, कारण दर्जा बदलाच्या अर्जाला अनेक महिने लागू शकतात. दर्जा बदलल्यावर तिला फी कोणत्या दराने लागेल, हेही त्याच भेटीत विचारा.

तिसऱ्या प्रयत्नाविषयी माझे मत असे. विद्यापीठ परवानगी देत असेल, तर तो जरूर घ्यावा, पण त्याआधी तीन-चार आठवडे तिने ॲलेक्ससोबत मिळणारे सरावाचे घटक रोज तासभर स्वतः करावेत आणि पर्यवेक्षणाखाली चाचणी देण्याची सोय असेल तर तीच निवडावी. त्या दिवशी आपण घराबाहेर असावे. जो आकडा येईल तो तिचा, आणि तो ५८ च्या आसपासच राहिला तर पहिल्या सत्रात तिने निःसंकोच प्रीकॅल्क्युलस घ्यावे. कॅल्क्युलस-१ वसंत सत्रात आणि कॅल्क्युलस-२ उन्हाळी सत्रात घेतले, तर मागे पडलेले सत्र पहिल्याच वर्षात भरून निघते. ते पुढच्या भौतिकशास्त्राच्या विषयांशी कसे जुळवायचे, हे तिचा सल्लागार तिला सांगेल. त्या भेटीला तिला एकटीला जाऊ द्या. आणि हे उत्तर तिला वाचायला द्यायचे आपण ठरवलेत, तर त्याआधी दुसऱ्या प्रयत्नाबद्दल तिची माफी मागा.