आकडा मीटर दाखवतो, मग मी काय करते?

प्रश्न: मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ट्रेनिंगसाठी आरएफ (रेडिओ लहरींची) टेस्ट लॅब मिळाली. चार चॅनेलच्या पॉवर मीटरवर अँप्लिफायरची रीडिंग्ज घ्यायची आणि तक्त्यात भरायची, एवढंच काम. मैत्रिणी कोडिंगकडे वळल्या. आकडा मीटरच दाखवतो, मग यात माझं करिअर कसलं?

उत्तर: नुसती रीडिंग्ज उतरवायची असतील तर तुझी धास्ती खरी आहे, ते काम कॉम्प्युटर कधीच करू लागलाय. पण त्या मीटरला एकाऐवजी चार चॅनेल कशाला, हे लॅबमध्ये कुणाला विचारलंस का?

समज, अँप्लिफायरच्या इनपुटला 0 डीबीएम आहे, म्हणजे 1 मिलिवॅट. आउटपुटला 20 डीबीएम, म्हणजे 100 मिलिवॅट. गेन, म्हणजे सिग्नल किती वाढला तो आकडा, झाला 20 डीबी. चॅनेल एकच, म्हणजे सेन्सरही एकच असता तर आधी इनपुट मोजायचं, मग जोडणी सोडून तोच सेन्सर आउटपुटला लावायचा. तेवढ्यात सिग्नल जनरेटर 0.3 डीबीने सरकला, तर ती चूक गुपचूप गेनमध्ये जाऊन बसते. पॉवरमध्ये ती जवळजवळ 7 टक्के होते! तेच इनपुटला कपलर (सिग्नलचा छोटा हिस्सा बाजूला काढणारा भाग) लावून दोन्ही बाजू एकाच वेळी वाचल्या, तर जनरेटर थोडा हलला तरी दोन्ही आकडे बरोबरीने हलतात, फरक तोच राहतो. तिसऱ्या चॅनेलवर अँप्लिफायरच्या तोंडावरून परत फिरलेली पॉवर पाहता येते.

आता मीटर काय सांगत नाही ते बघ. आरएफ सिग्नल चालू ठेवून मीटर झिरो केलंस, म्हणजे शून्यावर आणलंस, तर तो तक्रार करेलच असं नाही. मोठ्या पॉवरला चूक लक्षातही येत नाही, खालच्या पातळीला रीडिंग भरकटतं. सिग्नल कमी करणारा 30 डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावून मीटरमध्ये त्याचा ऑफसेट (भरपाईचा आकडा) भरायला विसरलीस, तर तो निमूटपणे 30 डीबी कमी दाखवेल. कनेक्टर लावताना नट फिरवायचा, सेन्सर नाही; नाहीतर मधली पिन घासते. (सेन्सरची कमाल मर्यादा त्याच्यावरच छापलेली असते. ती न वाचणाऱ्याला धडा एकदाच मिळतो, तोही महागात.)

कोडिंग मात्र सोडू नकोस. हे मीटर एससीपीआय (मोजमापाच्या उपकरणांची प्रमाण आज्ञाभाषा) कमांडवर चालतात, पायथनमधून त्यांना हुकूम देता येतो. मापनही कळतं आणि ऑटोमेशनही येतं, अशा माणसाला टेस्ट इंजिनिअर म्हणून मागणी असते. दुसरी वाट कॅलिब्रेशन लॅबची, म्हणजे उपकरणं बरोबर मोजतात का ते तपासणाऱ्या लॅबची. तिथे आयएसओ/आयईसी 17025 या मानकाप्रमाणे आकड्यासोबत त्याची अनिश्चितताही मांडावी लागते. तेच मोजमाप तिसऱ्यांदा घ्यायचा कंटाळा येणाऱ्यांना मी या वाटेला पाठवत नाही.

तुझं काय, ते असं पाहू. उद्या एकच अँप्लिफायर तीनदा मोज. दर वेळी सगळे कनेक्टर सोडून पुन्हा लाव. दशांशातला कितवा अंक जागेवर राहिला आणि कितवा हलला, ते मला लिहून पाठव. का हलला असेल, तेही.