ओपनटीटीडी या वाहतूक कंपनी चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये गाड्या जंक्शनवर अडकतात; सिग्नल कुठे लावायचे, की सरळ विमानं घ्यायची?

कोळशाच्या लाइनवर चौथी गाडी सोडली की सगळ्या गाड्या पॉवर स्टेशनच्या तोंडाशी अडकतात, असं तुम्ही लिहिलंय. विमानांचं नंतर बघू. मला 2011 ची दिवाळी आठवली.

आम्ही नाशिकरोडचे. वडील मालगाडीचे गार्ड, निम्मं आयुष्य भुसावळ-इगतपुरी करण्यात गेलं. त्या दिवाळीत पुण्याचा आतेभाऊ, आमचा दादा, आला होता, इंजिनियर. गेममधल्या एका कंपनीत दोघं, दोन कॉम्प्युटर, मध्ये केबल. पाच खाणी आणि एकच पॉवर स्टेशन, त्याच्या फलाटाला मी आमच्याकडच्या वीज केंद्राचं, एकलहरे, नाव दिलं. रूळ मी टाकले, जंक्शन दादाने बांधलं. दिसायला फार देखणं होतं, हे कबूल.

एकोणिसावी गाडी आली आणि सगळं ठप्प. एक इंजिन आणि तेरा डबे, म्हणजे गाडी नकाशावरचे सात चौकोन लांब. दादाने जंक्शन संपल्यावर दोनच चौकोन सोडून सिग्नल ठोकला होता. फलाट भरलेला, म्हणून सिग्नल लाल, इंजिन तिथे उभं आणि पाच चौकोनांची शेपटी जंक्शनवर आडवी. फलाटावरची रिकामी गाडी बाहेर पडणार तर त्याच शेपटीवरून. ती निघेना म्हणून ही आत येईना.

दादा म्हणाला, "ब्रेकडाउनमुळे झालंय. सिग्नल बरोबर आहेत."

तेवढ्यात वडील चकल्यांची ताटली घेऊन आले. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"रेक केवढा?"

"सात चौकोन, मामा."

"आणि सिग्नलच्या अलीकडे जागा?"

"दोन."

"मग आत घेतला कोणी?"

दादा म्हणाला, "मामा, हा गेम आहे, कसारा घाट नाही." त्यावर वडील म्हणाले, "घाटात निदान मागून ढकलायला बँकर इंजिन तरी असतं." आणि चकली खात निघून गेले.

तर तुमचं उत्तर यातच आहे. सिग्नल तिथेच लावा जिथे अख्खी गाडी कोणाला आडवी न येता उभी राहू शकेल. जंक्शनच्या आधी पाथ सिग्नल, त्यानंतर गाडीच्या लांबीइतकी जागा नसेल तर थेट फलाटापर्यंत एकही नाही. पाथ सिग्नल पुढच्या उभं राहण्याच्या जागेपर्यंत वाट राखून ठेवतो, ती मिळेपर्यंत गाडी बाहेरच थांबते. आम्ही मधला सिग्नल उखडला, एक गाडी उलटी फिरवून मागे काढली आणि गाडं सुरू झालं. दुहेरी लाइनवर वन-वे पाथ सिग्नल वापरा, साधा पाथ सिग्नल मागच्या बाजूने ओलांडता येतो. ज्यांना एंट्री-एक्झिट-कॉम्बो या जुन्या प्रकारच्या सिग्नलांचे खेळ करायचेत त्यांनी खुशाल करावेत, मला ते मिरवणं वाटतं.

आता विमानं. पैसे मिळतात, पटकन मिळतात, दोन लांबची मोठी शहरं जोडली की झालं. दादाने त्याच रात्री तेच केलं आणि वर मला कंपनीचा नफा दाखवत बसला. पण मग रेल्वेचा गेम उघडायचाच कशाला? कोळशाला भाडं अंतरावर आणि लागलेल्या वेळावर मिळतं, आणि कोळसा तसा उशीर सहन करतो, म्हणून खाण लांबची निवडा. खाणीवर 'फुल लोड' लावा, म्हणजे गाडी पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही. एक गाडी सतत भरत उभी असली की स्टेशनचं रेटिंग, म्हणजे खाणीतला किती माल तुम्हाला मिळणार ते, टिकतं. आणि ताशी 64 किलोमीटरच्या किर्बी पॉल टँक इंजिनाच्या मागे तेरा डबे लावू नका, थोडे जास्त पैसे घालून 112 ची चेनी ज्युबिली घ्या. प्रवासी गाड्या सुरुवातीला नकोतच. स्टेशन गावापासून लांब पडलं की काय होतं हे नाशिककराला सांगायला नको, आणि गेममध्ये रेल्वे स्टेशनची पोच फक्त चार चौकोनांची असते, तिथे नाशिकरोडहून पंचवटीला न्यायला रिक्षाही नाही.

हे सगळं अर्थात नेहमीच्या नकाशासाठी. डोंगराळ नकाशात चढावर गाड्या रांगतात, तिथे डबे कमी करावे लागतील. आणि तीन-चार गाड्यांच्या सरळ लाइनला साधे ब्लॉक सिग्नलही (दोन सिग्नलांमध्ये एका वेळी एकच गाडी) चालतात, हे मी आधी सांगायला हवं होतं.

ती सेव्ह फाइल अजून माझ्याकडे आहे. तुमचा प्रश्न वाचून काल रात्री उघडली आणि सेटिंग बघितली. ब्रेकडाउन: नन, म्हणजे बंदच. स्क्रीनशॉट दादाला पाठवलाय, सकाळपासून दोन निळ्या टिका दिसतायत.