गाणं विकलं तरी रॉयल्टी तुमचीच

प्रश्न: मी इस्लामपूरकडचा, लग्नाची नि गणपतीची गाणी लिहितो. एक कंपनी एका गाण्याचे १० हजार द्यायला तयार आहे, पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय की मी सगळे हक्क कायमचे दिले आणि पुढे कसलीही रॉयल्टी मागणार नाही. मित्र म्हणतात सही करून टाक, नाहीतर दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतील. काय करू?

उत्तर: १० हजार घ्या की, पण ती रॉयल्टीची ओळ आधी काढायला सांगा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला गाण्याचे हक्क कंपनीला देता येतात पण रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडून देता येत नाही, द्यायचाच तर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला). त्यामुळे कंपनीने ओळ नाहीच काढली तरी कायद्यापुढे ती टिकत नाही, हे मित्रांनाही सांगा.

आता अ‍ॅग्रीमेंट परत एकदा नीट वाचा. किती वर्षांसाठी हे लिहिलेलं नसेल तर कायदा ५ वर्षंच धरतो, कुठे वापरायचं ते नसेल तर फक्त भारत, आणि कंपनीने एक वर्षात गाणं वापरलंच नाही तर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, हक्क तुमच्याकडे परत येतात. कंपनीचा वकील 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' लिहायला का विसरत नाही ते आता कळलं असेल! तुम्ही पाचेक वर्षं म्हणून बघा, फार तर नाही म्हणतील.

पण नुसता कायदा आहे म्हणून पैसे घरी चालत येत नाहीत. आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही १९६९ पासूनची गीतकार, संगीतकार आणि पब्लिशर (गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्या) यांची अशीच सोसायटी, ऑफिस मुंबईत. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, स्टेज शो, ऑनलाइन अ‍ॅप्स यांच्याकडून लायसन्सचे पैसे तीच गोळा करते. तुम्ही मेंबर नसाल किंवा मेंबर असूनही गाणं तिथे नोंदवलेलं नसेल, तर ते पैसे तुमच्यापर्यंत पोचणार कसे? बरेच जण मेंबर होतात नि गाणीच नोंदवत नाहीत, हे तर अगदी नेहमीचं. नोंदवताना गीतकार कोण, संगीतकार कोण, कोणाचा किती टक्के, हे सगळं दोघांनी आधी बसून ठरवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण लेखी.

प्रश्न: माझं गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत (अ‍ॅप्सवर गाणी पोचवणारी कंपनी) स्पॉटिफायवर आहे, त्याचे पैसे येतात. मग आयपीआरएस कशाला?

उत्तर: ते पैसे रेकॉर्डिंगचे. शब्द आणि चाल यांची रॉयल्टी वेगळी, ती सहसा त्यात नसते. आणि अपलोड करताना गीतकाराच्या रकान्यात चॅनलचं नाव टाकायची खोड आपल्याकडे फार आहे, तिथे तुमचं खरं नाव टाका, आणि सगळीकडे एकाच स्पेलिंगने.

प्रश्न: गायिका म्हणते, गाणं माझ्यामुळे चाललं, लेखनात अर्धा वाटा दे.

उत्तर: चाललं असेलही, पण शब्द आणि चाल तिची नाही. गायकांना परफॉर्मर म्हणून वेगळे हक्क आहेत आणि त्यांची वेगळी सोसायटी आहे, तिने तिकडे नाव नोंदवावं. हां, मुखडा तिनेच सुचवला असेल तर तिचं म्हणणं रास्त आहे, तेवढा वाटा द्या.

प्रश्न: कॉपीराइट रजिस्टर करणं सक्तीचं आहे का?

उत्तर: नाही. गाणं लिहून काढलं की हक्क तुमचाच, तुम्ही आहात तोवर आणि नंतर ६० वर्षं वारसांचा. रजिस्ट्रेशनची फी एका गाण्याला ५०० रुपये, उद्या भांडण झालं तर पुरावा म्हणून कामाला येतं.