ध्यानाला बसलं की दोन मिनिटांत मन भरकटतं. सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की श्वासावर लक्ष ठेवायला बसता, दोन मिनिटांत मन कुठल्या कुठे जातं, मग स्वतःचाच राग येतो आणि तुम्ही उठता. त्यावरून ध्यान आपल्याला जमणारं नाही असं तुम्ही ठरवून टाकलंय. मला ते पटत नाही. मन गेलं हे तुमच्या लक्षात आलं ना? माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे सजगपणे पाहण्याचा, सराव म्हणतात तो तिथूनच सुरू होतो. लक्ष सुटतं, सुटल्याचं कळतं, आपण परत येतो. एका बैठकीत हे तीस वेळा झालं तर तीस वेळा सराव झाला.

म्हणून परत कसं येता ते सांभाळा. समजा, उद्या मीटिंगमध्ये कोणाला काय उत्तर द्यायचं याची मनात जुळवाजुळव चाललीय. लक्षात आलं की मनातल्या मनात 'विचार' एवढंच म्हणा. ते वाक्य पूर्ण करत बसू नका. चीड आली तर तिचीही 'चीड' एवढीच नोंद. मग श्वासाकडे या. नाकपुडीच्या कडेला आत येणारी हवा किंचित गार लागते, बाहेर जाणारी कोमट. तिथे काहीच जाणवत नसेल तर पोटावर हात ठेवा. श्वास मुद्दाम लांबवू नका, हा प्राणायाम नव्हे. सुरुवातीला मोजण्याचा आधार खरंच होतो: श्वास सोडताना एक आकडा, असं दहापर्यंत, की पुन्हा एक. मध्येच आकडा विसरलात तरी पुन्हा एक.

पद्मासनाचा हट्ट नको. खुर्ची चालते, तळपाय जमिनीला टेकवा, पाठ ताठ ठेवा पण ताणू नका. मांडी घालणार असाल तर बुडाखाली जाड उशी घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठीला पोक येत नाही. पायाला मुंग्या आल्या तर क्षणभर त्या कशा जाणवतात ते बघा आणि सावकाश पाय हलवा. दुखणं सोसायला आपण बसलेलो नाही.

वेळ पाच मिनिटं, पण रोज, टायमर लावून. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस कार्यक्रमात घरी रोज साधारण पाऊण तासाचा सराव असतो, पण त्यात भाग घेणाऱ्यांना दर आठवड्याला शिक्षक आणि गट भेटतो. एकट्याने सुरू करताना पाच मिनिटांचा नेम मोडत नाही, म्हणून माझा आग्रह तेवढ्याचाच. बसायची वेळ एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा, दात घासून झाले की लगेच, असं. डुलकी येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. काही जणांना श्वासाकडे पाहिलं की छातीत धडधड होते, जुन्या भीतीदायक आठवणी उसळतात. तसं झालं तर डोळे उघडा, लक्ष तळपायांवर किंवा आजूबाजूच्या आवाजांवर न्या. वारंवार होत असेल तर रेटून बसू नका, आधी समुपदेशकाशी बोला.